व्हल्कनचं जाळं

सरदार आउरेलिओ लंगडत चित्रशाळेत शिरले आणि कोळ्याकडून आणवलेलं जाळं त्यांनी टेबलावर टाकलं. लंगडा लोहारदेव व्हल्कन आपली बायको व्हीनस आणि तिचा यार, युद्धदेव मार्स, या दोघांना जाळ्यात पकडतो, तो प्रसंग रंगवायचा होता. व्हीनस म्हणून सरदारांची बायको लिव्हिया बसणार होती, मार्स म्हणून जाचिंतो. व्हल्कनचं सोंग सरदारांनी स्वतःच मागून घेतलं होतं.

त्या काळच्या जेनोआत यात कुणाला वावगं वाटलं नसतं. थोरामोठ्यांच्या बायकांना नाटकाला, देवळात, फिरायला नवरा नेत नसे. त्यासाठी नवऱ्याच्याच संमतीने एखादा परका पुरुष सोबती म्हणून नेमलेला असे. नवऱ्याने जळफळाट केलाच, तर गाव त्यालाच हसे. जाचिंतो अकरा वर्षं लिव्हियाचा सोबती होता. येत्या सोमवारी तो लग्न करायला कायमचा नेपल्सला निघणार होता.

चित्रकार ओनोफ्रिओचं पोट बड्या लोकांच्या तसबिरींवर चाले, त्यामुळे गिऱ्हाइकाचा चेहरा देवाला चिकटवताना तो फार जपे. सरकारांना देवांचा राजा ज्युपिटर जास्त शोभेल, असं त्याने हळूच सुचवून पाहिलं. व्हल्कनच्या वाट्याला नुसता राग आणि फजिती.

"राग काढूच नका," सरदार म्हणाले. "जाळं तेवढं घट्ट विणीचं काढा."

"चोर पकडायचा आणि राग नको, सरकार?"

"चोर कसला? तो जाणार म्हटल्यापासून ती हसलेली नाही. वेळेवर जेवते, माझं पथ्य सांभाळते, विचारलं तेवढं बोलते. माझ्याच्यानं बघवत नाही हो."

थोड्या वेळाने दोघं आली. लिव्हियाचे डोळे सुजलेले होते. ती जाचिंतोशेजारी बसली. सरदारांनी आपल्या हाताने त्यांच्यावर जाळं टाकलं. त्याला मासळीचा वास मारत होता. जाचिंतोचं शिरस्त्राण त्यात अडकलं. ते सोडवायला गेला, तर लिव्हियाचा अंबाडाच गुंतला. मग मात्र ती हसायला लागली, मध्येच थांबत, पुन्हा फुटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ओनोफ्रिओने भराभर रेघा मारल्या आणि खडू खाली ठेवला.

"झालं, सरकार. सोडा आता."

 सरदारांनी जाळ्याची कड मुठीत आणखी आवळली.

"जमलं नाही," कागदाकडे न बघताच ते म्हणाले. "पहिल्यापासून काढा."