वॉरंटीतला आवाज

“काकू, आमच्या ड्रायव्हरनं गाडी फिरवून आणली. आवाज काही येत नाही,” सर्व्हिस सेंटरचा अ‍ॅडव्हायझर म्हणाला.

काउंटरसमोर तिघं उभी होती. काका, काकू आणि काकांची धाकटी बहीण. बहिणीला दर खेपेला कशाला आणता, असं त्यानं मागं एकदा विचारलं होतं. आम्ही तिघं बसलो की आवाज येतो म्हणून, असं काकूंनी सांगितलं होतं.

आज वॉरंटीचा शेवटचा दिवस होता. आजपर्यंत आवाज कंपनीचा होता, उद्यापासून तो काकांचा होणार होता. आता यापुढे गाडी घ्यायची नाही, हीच आपल्याला पुरवायची, असं ठरवून त्यांनी ती घेतली होती. पण सेंटरच्या माणसानं स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय पार्ट बदलून मिळत नव्हता. आणि इथं आली की गाडी, साहेब तपासणीला आल्यावर वर्गातली वात्रट पोरं बसतात तशी, गप्प बसत होती.

आवाज कधी येतो, हे तिघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. येतो तेव्हा येतो. कसा येतो, यावरही एकमत नव्हतं. काका म्हणाले कटकट, काकू म्हणाल्या खटखट. सैल कवळी घालून कुणी चणे खातंय तसा, असं बहीण म्हणाली.

“तुम्हीच चला आमच्याबरोबर,” काकू म्हणाल्या. “तुम्ही ऐका, मग आम्ही तुम्हाला पुन्हा तोंड दाखवत नाही.”

रांगेतलं कुणीतरी हसलं. अ‍ॅडव्हायझरनं घड्याळ पाहिलं आणि निमूटपणे निघाला. मागच्या सीटवर बहिणीशेजारी गुडघे जुळवून बसला.

काका परीक्षेला बसल्यासारखे चालवू लागले. रिकाम्या रस्त्यावरही वळायच्या आधी दिवा लावत होते. एरवी काकूंचं बोट सतत काचेकडे असायचं, इकडून घ्या, तिकडून घ्या. आज परक्या माणसापुढे त्या हाताची घडी घालून बसल्या होत्या. गाडी नव्या सुनेसारखी चालली होती, पावलाचासुद्धा आवाज नाही.

अ‍ॅडव्हायझर समजुतीच्या सुरात म्हणाला की डिकीत काही सुटं पडलेलं असेल, घरी गेल्यावर एकदा बघा. काकूंचा चेहरा उतरला.

“तुम्ही दोघं मुकी का झालात?” बहिणीला राहवेना. “दादा, एरवी गाडीत पाय ठेवल्यापासून तुमचं सुरू असतं. आजच कुठून आलं हे शहाणपण?”

काका म्हणाले, माझं लक्ष रस्त्यावर आहे.

“तेव्हा असतं तर वन्संच्या लग्नात ती जुनी गाडी अडून बसली नसती,” काकू हळूच म्हणाल्या.

“पेट्रोल संपलं होतं.”

“हँडब्रेक ओढलेला होता.”

झालं. पेट्रोल आदल्याच दिवशी भरलं होतं, ते आपण डोळ्यांनी पाहिलं होतं, असं काकूंचं म्हणणं पडलं. काका म्हणाले, तू त्या वेळी पाहुण्यांचे डबे भरत होतीस, तुला काय दिसणार. मला कुणी विचारतच नाही, असं म्हणत बहिणीनंही सुरुवात केली. ती नवी नवरी, गळ्यातल्या हारासकट मागं बसली होती, आणि नवरदेव कोट घालून गाडी ढकलत होते. सगळा जोर लावूनही गाडी वीतभर हलली नाही. त्यांचा कोट मात्र पाठीवर उसवला.

“कोट मुळातच आखूड होता,” काका मान मागं वळवून म्हणाले.

“अहो, वळण गेलं.”

“तू बोलत होतीस.”

“म्हणजे चुकलात तुम्ही आणि नाव माझं.”

 बंद दुकानापुढची मोकळी जागा बघून काकांनी गाडी मागं वळवायला स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं आणि रागानं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला.

कट् कट् कट् कट्.

 बाळंतिणीच्या खोलीतून पहिलं रडणं ऐकू यावं, तशी तिघं अ‍ॅडव्हायझरच्या तोंडाकडे बघू लागली.

“आला,” तो म्हणाला.

त्यानं पुन्हा एकदा तसंच वळवायला लावलं. मग समजावून सांगितलं. स्टिअरिंग पूर्ण फिरवून जोर दिला की एक्सलचा जॉइंट वाजतोय. आमच्या ड्रायव्हरचा रस्ता ठरलेला, त्याचं वळण चुकत नाही, म्हणून त्याला असं जागच्या जागी फिरायची वेळच येत नाही. तुमचं असं वळण कितीदा चुकतं, असं त्यानं विचारलं. 

“ही दोघं बोलायला लागली की,” बहीण म्हणाली.

त्यानं तिथूनच वर्कशॉपला फोन लावला. आवाज मी स्वतः ऐकलाय, पार्ट वॉरंटीतच बदलायचा, आजच्या तारखेला नोंद करून टाका, असं बजावून सांगितलं. काकूंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. काका जरा ताठ बसले, जणू जॉइंट त्यांनीच शोधून काढला होता.

गाडी परत निघाली.  अ‍ॅडव्हायझर पुढं सरकला.

“मग लग्नातल्या त्या गाडीचं पुढं काय झालं, शेवटी हलली की तशीच राहिली?”

काका सांगायला लागले. तुम्हाला आठवत नाही, मी सांगते, असं काकू म्हणाल्या. लग्न माझं होतं, असं बहिणीनं दोघांनाही ऐकवलं. तिघं एकदमच बोलू लागली. पुढच्या दोन सीटांच्या मधे मान घालून अ‍ॅडव्हायझर ऐकत होता. सर्व्हिस सेंटरचं मोठं फाटक डाव्या हाताला आलं आणि सावकाश मागं गेलं.