आतला चिंचोका

प्रेमलाचं बारसं झालं त्या साली, १९६१ मध्ये, डॉक्टरांनी अन्नपूर्णेला ऑपरेशन सांगितलं. वाचण्याची आशा निम्मीच. नवऱ्याचं, विश्वेश्वरचं, मन धजेना.

संकठा घाटावर धुकं होतं. नावा आभाळात तरंगत होत्या. दोघं चिंचोक्यांवर तीन पत्ती खेळत होते. पानं वाटण्याआधीच दोघांनी एकेक चिंचोका टाकला होता. अन्नपूर्णेने आपली पानं त्यालाच दाखवली. राणी, सत्ती, तिर्री.

“धड चांगली नाहीत, धड वाईट नाहीत. सोडून दे. एकच तर जाईल.”

मांडीवरच्या प्रेमलाला थोपटत ती म्हणाली, “अहो, डरपोक कुठले! आत एक टाकलाय, त्याला एकटा कसा सोडू?”

विश्वेश्वरने आपले सगळे चिंचोके तिच्यापुढे सरकवले.

अन्नपूर्णा वारली १९९२ साली, प्रेमलाच्या लेकीला तीन पत्ती शिकवून.