बाळा म्हणायचं नाही

“नाही म्हणजे नाही. आजची रात्रसुद्धा नाही,” आई म्हणाली, आणि कर्स्टीला तिचा मुका घ्यावासा वाटला.

तिने मान खाली घातली. कडेवरच्या मेसीला घट्ट धरलं. सोफ्याच्या काठावर कौन्सिलच्या घरवाटप खात्यातल्या मिसेस ओल्डरॉयड बसल्या होत्या, मांडीवर कागद ठेवून. आईने, म्हणजे मॅक्सीनने, पोटच्या पोरीला तान्ह्या बाळासकट घराबाहेर काढलंय, एवढं या बाईंना पटलं की कौन्सिलला कर्स्टीसाठी घर बघावंच लागणार होतं. नाही पटलं तर आपलं रांगेत नाव. आणि रांग अशी, की तिच्यात उभ्या उभ्या मेसी शाळेत जायला लागली असती.

युक्ती वरच्या मजल्यावरच्या शॉनाची. “आईने हाकललं म्हणायचं. सगळे तेच करतात. मला काय लॉटरी लागली होती होय?” कर्स्टीला त्यात गैर काही वाटलं नव्हतं. आजी याच इमारतीत वारली, आई याच इमारतीत जन्मली. घर हक्काचंच होतं. मागायची रीत जरा वाकडी, इतकंच.

रविवारी दोघींनी तालीम केली. आई पहिल्याच वाक्याला अडखळली. “चालती हो माझ्या घरातून, बाळा!” कर्स्टी हसून हसून लोळली. आईही हसली, जरा उशिराने.

पण ‘बाळा’ या शब्दाचं काय करायचं, हा प्रश्नच होता. उत्तर इंग्लंडातल्या त्यांच्या यॉर्कशरी गावात बायका बसवाल्याला बाळा म्हणतात, खाटकाला म्हणतात, दारात आलेल्या पोलिसालाही म्हणतात. कर्स्टीने बजावून ठेवलं होतं, “दुसऱ्या कुणालाही म्हण. मला म्हणायचं नाही. एकदा तोंडातून गेलं की संपलं.”

आणि आज आई काय रंगली होती!

“नात आहे तुमची,” बाई म्हणाल्या. “थोडे दिवससुद्धा ठेवता येत नाही?”

“मला माझं घर परत हवंय, बाळा.” बाई साठीच्या, आई पन्नाशीतली, पण त्याचं कुणाला काहीच वाटलं नाही. “झोपायची खोली एकच. तिथे या दोघी. मेसी आल्यापासून मी झोपतेय तू बसलीयस त्या सोफ्यावर. झोपतेय कसली, पडून असते. पहाटे काळोखात इस्पितळाचे जिने पुसायला जायचं. परवा बसमध्ये डोळा लागला तो थेट डेपोत जाऊन उघडला. अंघोळीला गेले की नळ सोडून नुसती टबात बसते. उठवतच नाही.”

डेपोचं तालमीत बसवलेलं नव्हतं. नळाचंही नाही. कर्स्टीने मनातल्या मनात आईला शाबासकी दिली.

एवढ्यात आईचा फोन वाजला. गॅसवाला होता. “आज नको, बाळा. उद्या ये,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

“आणि ही जाईल कुठे?” बाईंनी विचारलं.

“कर्स्टीचं कर्स्टीने बघावं.”

मिसेस ओल्डरॉयडनी पेनाला टोपण लावलं.

“मी याच गावची आहे, मॅक्सीन. पोरींना घराबाहेर काढणाऱ्या आया पुष्कळ बघितल्या. शिव्या घालतात, बॅगा जिन्यावरून भिरकावतात. पण बाळा काही सुटत नाही तोंडातून. मला तुम्ही बाळा म्हणालात, त्या गॅसवाल्याला म्हणालात. हिला एकदाही नाही. एवढी जपून जीभ नाटक करणाऱ्यालाच चालवावी लागते.”

कर्स्टीने मेसीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “पण बाई, माझा पण हक्क...”

“माझ्याकडे आज फ्लॅट एक आहे, पोरी, आणि आया-लेकरं दोन. ती दुसरी लेकराला घेऊन मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपतेय. तिच्या आईने कुलूप बदललं. बदलता बदलता तिला काय म्हणाली सांगू? ‘जपून जा, बाळा.’” बाई उठल्या. “मुलीला आईकडे घर आहे, एवढंच मी कळवते. बाकीचं विसरले.”

दार लागलं.

कर्स्टीने मेसीला सोफ्यावर ठेवलं. रडू येत होतं आणि हसूही. “म्हातारी भलतीच हुशार निघाली गं! पण काम काय केलंस तू! डेपोचं कुठून सुचलं तुला?”

बाई बसल्या होत्या तिथे आई बसली. मेसीच्या पायातला मोजा निसटला होता, तो ओढून नीट केला. मग दुसरा नीटच होता, तोही केला.

“डेपोचं खरं होतं,” ती म्हणाली. “नळाचंही.”

“म्हणजे?”

“रविवारी सांगणारच होते. तालमीचं काढलंस तू, मला वाटलं बरं झालं, तसंच सांगून होईल. तू इतकी हसत होतीस.” तिने मेसीचा पाय दोन्ही हातांत धरून ठेवला. वर बघितलं नाही. “शुक्रवारपर्यंत बघ कुठेतरी, बाळा. मला आता खरंच नाही झेपत.”

बाहेर लिफ्टचा दरवाजा ओढल्याचा आवाज आला. कर्स्टी धावत दाराशी गेली, कडीवर हात ठेवला, आणि तशीच उभी राहिली. बाईंना गाठून सांगणार तरी काय होती ती? आई मला खरंच घराबाहेर काढतेय, हेच तर दोघी मिळून इतका वेळ सांगत होत्या.