शिबिराचा मांडव

बाबाजींच्या हिशेबात आज सगळी जमाच होती. थोरल्या लेकीच्या, पिंकीच्या लग्नाचा मांडव उद्याला लागणार होता, तो आजच दारात उभा होता. खुर्च्या आलेल्या, माईक आलेला, आचारी मागच्या दारी बुंदी पाडायला बसलेला. त्यातच कायद्याचं शिबिर उरकून घेतलं की पेणच्या वकीलबाईंशेजारी उभं राहून फोटो फुकट, बॅनरवर नाव फुकट. उद्या रोह्याहून येणाऱ्या व्याह्यांना ऐकवायला 'आमच्या मांडवात कोर्ट येऊन गेलं' हे वाक्य, तेही फुकट.

कल्पना बायकोची, विमलबाईंची. पण त्या घरातल्या कुठल्याही चांगल्या कल्पनेनं उंबरठा ओलांडला की ती बाबाजींची होत असे.

स्टेजवर 'पिंकी वेड्स हर्षद' आधीच लागलं होतं. दुसरी जागा नव्हती म्हणून शिबिराचा बॅनर त्याच्यावरच टांगला होता. वकीलबाई हेमांगीताई त्याखाली उभं राहून सांगत होत्या. पोलिसांना तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, तिची प्रत फुकट मिळते. दुकानात 'माल परत घेणार नाही' अशी पाटी असली म्हणून गिऱ्हाइकाचा हक्क बुडत नाही. कासू गावची माणसं माना डोलवत होती. 'फुकट' या शब्दाला बाबाजींनी टाळी दिली.

तेवढ्यात बायकांच्या मागून, चहाचा ट्रे हातात धरून विमलबाई बोलल्या.

"वकीलताई, एक इचारू? पोरीला अठरावं लागलं, म्हंजे ती अठराची झाली का?"

मांडवात हशा पिकला. बाबाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

"अडाणी हाय ओ मॅडम. लागलं म्हंजे झालंच की! हिला आणली तवा हिला पंधरावं लागलं होतं. काय बिघडलं हिचं?"

विमलबाई हसल्या नाहीत. हेमांगीताईही हसल्या नाहीत.

"अठरावं लागलं म्हणजे सतरा पूर्ण," त्या म्हणाल्या. "कायदा लागलेलं वर्ष धरत नाही, पुरं झालेलं धरतो. अठरा पुरी व्हायच्या आत मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे. ठरवणारे आईबाप, लावणारे भटजी, आणि माहीत असून अक्षता टाकायला जाणारेसुद्धा. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड."

हसू जिथल्या तिथं थिजलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं. बाबाजी, भटजी, रोह्याचे व्याही, सगळ्यांनी पिंकीची वर्षं अशीच मोजली होती. सगळे मिळून एकाच वर्षानं चुकले होते. पहिल्या रांगेतल्या ग्रामसेवकांचा चहा पँटीवर सांडला. गावात बालविवाह थांबवायचं काम सरकारनं त्यांच्यावरच टाकलेलं, आणि ते सकाळी बुंदीतला वेलदोडा बरोबर आहे की नाही ते चाखून आले होते. भटजींना एकाएकी एस.टी.ची वेळ आठवली. पिंकीच्या मामानं आपली खुर्ची हळूच मागच्या रांगेत सरकवली.

हेमांगीताईंनी वरच्या झालरी पाहिल्या, आंब्याच्या डहाळ्या पाहिल्या.

"हा मांडव कशाचा हो, बाबाजी?"

सगळं गाव बाबाजींकडे बघत होतं. त्यांनी बॅनरकडे बोट दाखवलं.

"शिबिराचाच, मॅडम. खास शिबिरासाठी घातलाय."

"आणि तिच्या हातावरची मेंदी?"

दारात पिंकी उभी होती. कोपरापर्यंत रंगलेले हात, फाकवलेली बोटं, आणि खुंटीवर मागं बारावीचं दप्तर. तिनं हात लपवले नाहीत. उलट थोडे पुढंच केले.

मग ग्रामसेवकांना कंठ फुटला. अठरा पुरी होईपर्यंत पिंकीचं लग्न करणार नाही, असं त्यांनी बाबाजींकडून तिथल्या तिथं लिहून घेतलं. रोह्याला फोन गेला. "कंपनीत परमनंट झालेला पोरगा कुणासाठी थांबत नसतो," एवढं बोलून व्याह्यांनी तो ठेवला. बुंदी शिबिराला आलेल्यांनी संपवली. कायद्याच्या भाषणावर एवढं गोड कासूत आजवर कोणी खाल्लं नव्हतं.

गाडीत बसताना हेमांगीताई विमलबाईंना म्हणाल्या, "हाच प्रश्न तुम्ही पेणला येऊन विचारला होता. मी तेव्हाच उत्तर दिलं होतं की."

"तवा ऐकायला मी एकलीच होते, ताई. घरात माझं कोण ऐकतं?"

गाडी गेली. बाबाजी मागंच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे तुला ठावं होतं? मांडवात कोर्ट बोलवायचं, ते यासाठी?" त्यांचा आवाज फाटला. "पहिल्या पोरीचं कार्य गो, आन् तू भर मांडवात मोडलंस!"

विमलबाईंनी ट्रे खुर्चीवर ठेवला.

"पहिल्या नाय. दुसऱ्या. पहिली माझ्या सोळाव्यात झाली. दीड दिवसाच्या गणपतीएवढी ऱ्हायली."

इतक्या वर्षांत बाबाजींनी लेकी मोजताना ती कधी धरलीच नव्हती.

शिबिराच्या मांडवाचं भाडं बाबाजींनी भरलं, असं कासूत अजून हसून सांगतात. पिंकीच्या सुटकेचं त्याच्या पुष्कळ आधी भरलेलं होतं, पंधरावं लागलेल्या एका मुलीनं.