प्रमेयावरचं आडनाव

पहिलावहिला शोधनिबंध छातीशी धरून विद्यार्थिनी गणिताच्या मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. सासूबाई म्हणतात, छापून येणारच आहे तर आमच्याच आडनावाने येऊ दे, तेवढीच घराची शोभा. काय बिघडतं?"

मॅडमचे हात पीठ चाळल्यासारखे खडूने पांढरे झाले होते. त्यांनी ते झटकलेही नाहीत.

"ज्या प्रमेयावर तुझा सगळा निबंध उभा आहे, ते कुणाच्या आडनावाने ओळखतात गं?"

मुलीने झटकन सांगितलं. "फार मोठे गणिती असतील ना ते? पुस्तकात नुसतं आडनावच आहे."

"मोठे? त्याला साधी बेरीज धड जमत नव्हती." मॅडमचा आवाज करवतीसारखा झाला. "तान्हं रडतंय आणि ही बसलीय आकडे गिरवत, असं म्हणून त्याने त्या प्रमेयाचे सगळे कागद पाण्याच्या बादलीत बुडवले."

मुलीने छातीशी धरलेला निबंध खाली घेतला.

 

"मी ते आठवून आठवून पुन्हा लिहिले आणि छापायला धाडले, तेव्हा मी त्याची बायको होते."