पंचविसाचा माल

वहिनी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

“भावजी, ह्यांनी कबूल केलंय ना सगळं? मग ते ठोकळे कशाला नेताय?”

धाकट्यानं बाह्या वर सारल्या आणि टाकीत हात घातला. पोर्चचा स्लॅब ओतला त्या दिवशी त्यानंच काँक्रीटचे हे तीन ठोकळे भरले होते. तोच माल साच्यात घालून, गजानं ठोकून, वर तारीख कोरून पाण्यात सोडले होते. स्लॅबमध्ये जे होतं, तेच यांच्या पोटात होतं.

“अठ्ठावीस दिवस आज भरले,” तो म्हणाला. “आता यंत्रात दाबून फोडायचे. सिमेंट किती होतं ते कळेल.”

“कळून काय व्हायचंय?”

“दादा उद्या शब्द फिरवेल, तेव्हा कामाला येईल.”

वहिनी काहीतरी बोलणार होती, पण पदर तोंडाला लावून उठली आणि घराकडे निघून गेली. नवऱ्याची बाजू घेणार, दुसरं काय करणार, असं त्याच्या मनात आलं.

ओतल्यापासून दहाव्या दिवशी पोर्च कोसळला, तेव्हा खाली प्लास्टरचा गवंडी होता. बाहेर काढेपर्यंत संपला होता. पोलीस आले, आणि कोणी काही विचारायच्या आत दादाच पुढे झाला. मिक्सरवर मी होतो, म्हणाला. पंचविसाच्या जागी पंधराचा माल लावला, सिमेंट वाचवलं. धाकटा वर स्लॅबवर होता, त्याला यातलं काही ठाऊक नाही.

पंचविसाचा माल म्हणजे एक वाटा सिमेंट, एक वाटा वाळू, दोन वाटे खडी. पंधराच्या मालात सिमेंट तेवढंच आणि वाळू-खडी दुप्पट. ओतल्यावर दोन्ही दिसायला राखाडीच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फसवणं सोपं असतं.

कोणालाच नवल वाटलं नाही. दादा म्हणजे उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा. वाकडे खिळे वेचून सरळ करत बसायचा. मजूर त्याला मागून चिक्कूशेठ म्हणत, आणि त्यालाही ते माहीत होतं. त्याच चिक्कूपणावर धाकटा इंजिनिअर झाला होता. पण गरज सरो, वैद्य मरो. धाकट्याच्या डोळ्यांपुढून गवंड्याची बायको हलत नव्हती. ती रडता रडता थांबून त्याच्याकडे बघायची, आणि साइटच्या पाटीवर दादाच्या नावाखाली त्याचंही नाव होतं. त्याला त्या नावावरचा डाग धुऊन हवा होता.

त्याच्या बाजूनं सगळं चोख होतं. मागच्या बाजूच्या स्लॅबला टेकू कमी पडत होते, म्हणून पोर्चखालचे त्यानं आठवड्यातच काढायला लावले होते. पंचविसाच्या मालाला तेवढे दिवस पुरतात, असा त्याचा हिशेब. तेव्हा दादा कुरकुरला होता, “आणखी थोडं थांब रे.” तो का थांब म्हणत होता, ते आता धाकट्याला कळत होतं. चोराच्या मनात चांदणं!

आदल्या दिवशी तो कोठडीत दादाला भेटायला गेला होता.

“टाकीतले ठोकळे फोड आणि भरावात टाकून दे,” दादा हळूच म्हणाला.

“म्हणजे आता पुरावाही मीच नष्ट करायचा?”

“एकदा माझं ऐक.”

“आयुष्यभर ऐकलं, म्हणून तर ही वेळ आली.”

दादानं मान हलवली. मग म्हणाला, “जेवलास का?”

या माणसाला लाज कशी ती नाहीच, असं म्हणत धाकटा बाहेर पडला आणि तसाच तपास अधिकाऱ्याकडे गेला. ठोकळ्यांची चाचणी तुमच्यासमोर व्हावी, असा रीतसर अर्ज त्यानं देऊन टाकला.

अधिकारी प्रयोगशाळेत आधीच येऊन बसला होता. चाचणी घेणाऱ्या बाईंनी पहिला ठोकळा पुसून काट्यावर ठेवला.

“आठ किलो दोनशे. भरीव आहे चांगला.”

“वजनावर जाऊ नका,” धाकटा म्हणाला. “खडीनंही वजन भरतं.”

“खरंय. यंत्रच काय ते सांगेल.” त्यांनी ठोकळा दोन पोलादी पाट्यांमध्ये बसवला. “तीनशे चाळीस किलोन्यूटनच्या आसपास फुटला, तर पंधराचा माल. पंचविसाचा असेल तर पाचशे साठ ओलांडेल.”

यंत्राचा काटा चढू लागला. धाकट्यानं अधिकाऱ्याकडे पाहिलं, बघा आता, अशा अर्थानं. काटा तीनशे चाळीसवर आला. ठोकळा तसाच होता. चारशे झाले. पाचशे झाले. सहाशेच्या पुढे गेल्यावर कुठे कडाड आवाज आला आणि कडा ढासळल्या.

“यंत्र बिघडलंय तुमचं.”

“परवाच तपासून घेतलंय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा ठोकळा लावला. मग तिसरा. तिन्ही सहाशेच्या वरच फुटले.

धाकट्याला बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती.

“माल पंचविसाचाच आहे, उलट थोडा सरसच,” बाई हात धूत म्हणाल्या. “पण ही ताकद अठ्ठावीस दिवसांची. आठवड्यात कितीही चांगला माल कच्चाच असतो.”

अधिकारी उठला. त्यानं स्वतःची खुर्ची धाकट्यापुढे सरकवली.

“बसा,” तो शांतपणे म्हणाला. “तुमच्या दादांनी न केलेली चोरी का कबूल केली, ते आलं माझ्या लक्षात. आता टेकू काढायला कोणी लावले, तेवढं तुमच्या तोंडून ऐकू द्या.”