पेढ्याची चव

शाळेच्या वर्गात सकाळपासून मुलांच्या दाढांवर लेप देऊन आरोग्यसेविका वैजयंताबाईंचे खांदे भरून आले होते. हा नवा लेप आल्यापासून तालुक्यात एकाही मुलाचा दात किडला नव्हता, कारण त्याने जिभेवरची गोड चवच मरून जाई आणि मुलं गोडाकडे वळतच नसत. शेवटी उरली चौथीतली तनुजा. तिच्या दाढांवरचा लेप पार झिजला होता.

"कधीपासून गं?" बाईंनी थकल्या आवाजात विचारलं.

"माहीत नाही. पण काल आत्याच्या साखरपुड्यात पेढा खाल्ला, तर..."

"कसा लागला?"

तनुजाचे डोळे भरून आले. "बाई, आज लेप दिलात की ती चव परत जाणार ना?"

वैजयंताबाईंनी जिभेने स्वतःची चांदी भरलेली दाढ चाचपली. लहानपणी त्या किडक्या दाढेने त्यांना फार रडवलं होतं. त्यांनी हातातला, लेप सुकवायचा निळा दिवा बंद केला.

"आजचा लेप संपलाय," अर्धी भरलेली बाटली पिशवीत टाकत त्या म्हणाल्या. "घरी उरलेत का पेढे?"

तनुजाने मान डोलावली.

"मग सोमवारी ये. आणि रात्री दात घासून झोप."